येवा, कोकण आपलोच आसा. प्रश्न तेवढे इचारू नकात

कोकणावर इन्स्टाग्राम पेज काढायचं ठरवलंत, उत्तम. माड आहेत, समुद्र आहे, ड्रोन मित्राकडून मिळेल. अडचण एकच, ती म्हणजे लोक. ते पेजवर येतात आणि बोलायला लागतात.

त्यांना बोलू द्यायचं, आपण मात्र ऐकायचं नाही. सुरुवात ‘तुमचं गाव कोणतं? कमेंटमध्ये सांगा’ यापासून करा. परळ-डोंबिवलीतल्या चाकरमान्याला हा प्रश्न दिसला की राहवत नाही. गाव, वाडी, ग्रामदेवता, आजोळ, सगळं लिहून मोकळा होतो. इन्स्टाग्राम कमेंटा मोजतं, तुम्ही त्या वाचल्यात की नाही हे कुणी मोजत नाही. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा टाका. तोच माणूस तेच गाव पुन्हा सांगेल.

मधूनमधून मतचाचणी घ्या. ‘फणस: कापा की बरका?’ एखादा आजोबा लिहील की कापा गऱ्यांसाठी आणि बरका फणसपोळीसाठी, तेव्हा यात श्रेष्ठ कोण हे विचारण्यात काही अर्थ नाही. आजोबांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच ती कमेंट पिन करू नका. वाद मिटला तर खाली काय उरणार?

खरी परीक्षा हापूसच्या मोसमात. ‘कमेंटमध्ये आंबा लिहा, लिंक पाठवतो’ असं सांगा आणि उत्तराचं काम यंत्रावर सोपवा. इथे नवशिके हमखास फसतात. यंत्राला ‘आंबा’ एवढाच शब्द शिकवला आणि लोकांनी ‘आंबे’ लिहिलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलं किंवा ‘पेटी केवढ्याक?’ असं विचारलं, की ते मख्ख बसून राहतं. म्हणून सगळी स्पेलिंगं आधीच भरून ठेवा. एका कमेंटवर असा एकच खासगी मेसेज जातो, तोही ७ दिवसांच्या आत पाठवावा लागतो. गिऱ्हाइकानं त्यावर काही लिहिलं की पुढचे २४ तास तुमचे. त्यात नमस्कार, लिंक आणि ‘शेवटच्या काही पेट्या’ एवढं बसवा.

‘पेटी चार डझनाची की पाच? फळ केवढं? देवगडचा आहे की कर्नाटकचा?’ या तिन्ही प्रश्नांना यंत्राचं उत्तर एकच असू द्या: ‘धन्यवाद! लिंकवर क्लिक करा.’ कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं, त्याचं चित्र वर लावा. पण पेटी नेमक्या कुठल्या बागेतली, ते सांगत बसू नका. भाव तर चारचौघांत लिहायचाच नाही. ‘डीएम केलंय’, म्हणजे खासगी मेसेज पाठवलाय, एवढंच लिहा. त्यानं तुमचीही एक कमेंट वाढते आणि गिऱ्हाइकाला शेजारच्या पेजशी ताडून बघता येत नाही.

रीळं मे महिन्यातच शेड्यूल करून ठेवा. यात एक धोका आहे. ‘आज पहाटे बोटीतून उतरलेली ताजी सुरमई’ हे रीळ १५ जूनला पडलं, तर एखादा खलाशी विचारेल, ‘१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ही कुठल्या बोटीतून उतरली?’ पावसाळ्यात तारकर्लीच्या स्कूबाचं रीळ टाकलंत तरी हेच. त्यावर विसंबून कुणीतरी पोरांना घेऊन मालवणच्या धक्क्यावर उभा राहतो, आणि तिथे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तो कमेंटमध्ये काय लिहील याचा अंदाज तुम्हाला आहेच.

अशा माणसाला ब्लॉक करू नका, त्याला कळतं. ‘रिस्ट्रिक्ट’ करा. मग त्याची कमेंट त्याला दिसत राहते आणि तुम्ही मंजूर करेपर्यंत बाकी कुणाला दिसत नाही. त्याला वाटतं आपण बोललो, लोकांना वाटतं कुणी काही बोललंच नाही. दोन्हीकडे शांतता नांदते. (रेड्यांच्या झुंजीसारखी झुंज लावायची असेल, तर मात्र कमेंटा उघड्या ठेवून दोन दिवस फोन बंद करा.)

एवढंही झेपत नसेल तर व्हॉट्सॲप चॅनेल काढा. २०२३ पासून ही सोय आपल्याकडे आहे. तुम्ही बोला, समोरच्यानं फार तर इमोजी चिकटवावा नाहीतर मतचाचणीत बोट लावावं. फॉलोअरांना एकमेकांचे नंबरही दिसत नाहीत, त्यामुळे तुमच्या पाठीमागे आपापसात खरं काय ते सांगून टाकण्याचा धोका नाही.

काही ठिकाणी मात्र चुकूनही जाऊ नका, सवय बिघडते. हर्णैच्या बंदरावर ‘ताजा आहे का?’ विचारलं की कोळीण इमोजी देत नाही, कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवते आणि वर दोन शब्द सुनावते. वेळासला ‘उद्या कासवाची पिल्लं निघतील का?’ विचाराल, तर कासवमित्र म्हणेल, ‘घरट्याला पन्नास दिवस होत आलेत, निघतील असं वाटतं, पण नक्की नाही सांगता येणार.’ ‘नक्की नाही’ या दोन शब्दांवर रीळ चालतं का? तुम्ही बिनधास्त ‘उद्या सकाळी १०० टक्के’ लिहा. पिल्लं नाही निघाली तर कासवांनी फसवलं.

आणि एवढं करूनही कधी हात सुटतो. कुणीतरी विचारतं, ‘दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी जाते का?’ आणि तुम्ही भाबडेपणानं लिहून जाता, ‘हो, जाते.’ झालं! पुढे शेवटची फेरी किती वाजता, मग गुहागरात जेवण कुठे चांगलं, मग ‘तुम्ही मूळचे कुठले हो?’, मग तुमच्या मावशीचं सासर त्यांच्याच वाडीत निघतं आणि ते गणपतीत घरी येतो म्हणतात. घाबरू नका. स्वतःच्या कमेंटवर बोट दाबून धरा, डिलीटचा पर्याय येईल. त्यांनी वाचायच्या आत दाबा.