केबलवाला

गेल्या शनिवारी रात्री दीड वाजता, महाप्याच्या एका डेटा सेंटरच्या गेटवर, माझी पंधरा वर्षांची नोकरी सिक्युरिटीच्या रजिस्टरात एका शब्दात मावली. 'केबलवाला'. मी स्वच्छ 'नेटवर्क इंजिनिअर' म्हणालो होतो. गार्डने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या निळ्या चपट्या वायरीकडे, आणि विश्वास वायरीवर ठेवला.

काम पाच मिनिटांचं होतं. म्हणजे साहेबांनी तसं सांगितलं होतं. साहेब पाच मिनिटं म्हणाले की मी घरी सांगून ठेवतो, सकाळचं दूध तुम्हीच घ्या. रॅकमध्ये नवा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा, बसला होता, त्याचा कन्सोल, म्हणजे त्याच्याशी थेट बोलायचं भोक, आमच्या बत्तीस पोर्टांच्या कन्सोल गेटवेला सतरा नंबरवर जोडला होता. त्या पोर्टाचं सेटिंग करायचं, संपलं. हा गेटवे म्हणजे वाड्याचं मागचं दार. पुढचं सगळं नेटवर्क झोपलं की याच दाराने आत शिरायचं. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. काम घरून होण्यासारखं होतं, पण घरून स्क्रीन कोरी दिसत होती. कुणीतरी जाऊन वायर बघायला हवी होती, आणि आमच्या ऑफिसात 'कुणीतरी' हे माझंच नाव आहे.

पाहुण्याला हॉलमध्ये एकटं सोडायचं नाही असा तिथला नियम. त्यामुळे गार्डकाका सोबत. मे महिना, आणि काकांच्या डोक्याला कानटोपी. पण आत गेल्यावर माझ्याकडे ती नाही याचं वाईट वाटलं. रॅकच्या पुढच्या बाजूला गार हवेचा झोत, मागच्या बाजूला मशीनांचा गरम उच्छ्वास. काका मागे जाऊन शेकोटीला बसल्यासारखे हात चोळत उभे राहिले आणि पंख्यांच्या घरघरीवरून ओरडले, "साहेब, आमच्याकडं म्याचच्या टायमालाच चित्र फुटतंय. काय करावं?"

मी म्हटलं, मी त्यातला नाही.

"मग कोणच्या कंपनीचं केबल तुमचं?"

यावर उत्तर नव्हतं. मी वायर बदलायला लागलो. आधीच्या गड्याने साधी नेटवर्कची केबल खुपसली होती. दोन्हीकडचं टोक सारखंच दिसतं, खट्‌कन बसतं, आणि काहीही चालत नाही. या स्विचला उलटी केबल लागते, एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला आठवी. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला आणखी वेगळी. आठ तारा आहेत हो, आठ! त्यातली कुठली बोलायची आणि कुठली ऐकायची एवढं या लोकांना मिळून ठरवता येत नाही. या जोडणीचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. तेव्हापासून माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि मी रात्री दोन वाजता तारा मोजतोय.

निळी केबल लावली. कोऱ्या स्क्रीनवर जीव आला, पण कसा, तर उलटे प्रश्नचिन्ह, चौकोन, टोपी घातलेला वाय, पुन्हा चौकोन.

काका खांद्यावरून वाकून बघत होते. "हे बगा. पावसात आमच्याकडं बी असंच येतंय."

आणि गंमत म्हणजे त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. दोन्हीकडचा वेग जुळला नाही की अक्षरं अशीच फुटतात. पोर्टावर ९६०० बॉड होता, स्विच ११५२०० ने बोलत होता. वेगाच्या मापाला बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारखात्यातल्या माणसावरून पडलं. त्याने १८७४ साली आपल्या तारयंत्राचं पेटंट घेतलं आणि १९०३ मध्ये तो गेला, सुटला. ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं जातात, कारण प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांना पुढे एक आणि मागे एक असे दोन भालदार-चोपदार लागतात. हे मी काकांना समजावून सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. बहुतेक 'केबलवाला' अजून टोचत होतं.

काका शांतपणे म्हणाले, "ते ठीक हाय. चित्र कधी येणार?"

"काका, याला चित्र नसतं. फक्त अक्षरं येतात."

"नुसती अक्षरं?" त्यांनी रॅक वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "एवढ्या म्हाग मशीनला?"

त्या प्रश्नात इतकी खरी कणव होती की मला स्विचची लाज वाटली. मी वेग बदलला, डेटा बिट आठ, स्टॉप बिट एक, आणि फोनवर अर्धवट झोपेतला सहकारी चूक पकडायचा जादा बिट, म्हणजे पॅरिटी, ठेवायची का विचारत होता म्हणून त्याला ओरडून सांगितलं, "पॅरिटी नको! पॅरिटी नको!"

"बरोबर हाय," काका म्हणाले. "रातच्याला पार्टी नकोच."

आता अक्षरं सुरेख आली. लॉगिन मागत होता. मी टाइप केलं. काही नाही. पुन्हा केलं, जोरात केलं. स्विच बोलत होता, पण ऐकत नव्हता. असा इसम मी ऑफिसात रोज बघतो, पण त्याला निदान चेहरा असतो. वीस मिनिटं गेली. शेवटी सापडलं: फ्लो कंट्रोलच्या खान्यात कुणीतरी 'हार्डवेअर' ठेवलं होतं. समोरून 'पाठव' असा इशारा येईपर्यंत गेटवे माझं एकही अक्षर पुढे सोडणार नव्हता, आणि तो इशारा हा स्विच देतच नव्हता. 'नन', म्हणजे काहीच नको, केलं. तरी नाही. कारण 'सेव्ह' वेगळं आणि 'अप्लाय' वेगळं, आणि अप्लाय केल्यावरही जुनं सेशन बंद करून नवं उघडल्याशिवाय जुनंच सेटिंग चालू राहतं. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा मे महिन्यात कानटोपीशिवाय तिथे उभं करायला हवं.

पावणेचारला लॉगिन झालं. चार तासांच्या आतल्या व्हिजिटला बदली रजा नाही, प्रवास धरत नाहीत. हे विनोदाने लिहायचं ठरवलं होतं, जमत नाहीये.

गेटवर काकांनी रजिस्टर पुढे केलं. 'निळी वायर, १ नग' आत गेली होती, बाहेर आली नव्हती, कारण ती आता स्विचला लागली होती. त्यावर पंधरा मिनिटं. मग शेवटचा रकाना, 'काम पूर्ण झाले का'. काकांनी स्वतःच्या हाताने भरला. मी झोपेत न वाचता सही ठोकली.

सोमवारी त्या पानाचा फोटो साहेबांच्या मेलवर आला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं. "केबलवाला. वायर आत राहिली. चित्र आले नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठलं चित्र?"