रोजची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पारखा

ओळखीतल्या कोणाला कामावर जायला-यायला बाइक घ्यायची असली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती सीसीची घेऊ?" मी उलट विचारतो, रोज किती किलोमीटर आणि वेळ किती लागतो? इथे समोरचा जरा हिरमुसतो. त्याला टॉप स्पीडबद्दल, पिकअपबद्दल, डिस्प्लेवर कॉल दिसतो का याबद्दल बोलायचं असतं आणि मी त्याला भागाकार करायला लावतो.

पण तो भागाकार कराच. बारा किलोमीटरला चाळीस मिनिटं लागत असतील तर तुमचा सरासरी वेग आहे ताशी १८. या रस्त्यावर ११० ने पळणारी गाडी आणि १५० ने पळणारी गाडी एकाच वेळी ऑफिसला पोचणार, कारण दोघींच्याही पुढे तोच ट्रक उभा आहे. म्हणून माझं ठाम मत असं की रोजच्या वापराची मोटरसायकल दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी पंधरा-वीसच्या वेगात पारखायची. क्लचला हात न लावता ती मुकाट चालत राहते का? ॲक्सिलरेटर थोडा पिळला की तक्रार न करता ओढते का? की आचके देते, इंजिन ठोकायला लागतं आणि दर वेळी पहिल्यावर यावं लागतं? दुसऱ्या प्रकारची गाडी मोकळ्या रस्त्यावर कितीही गोड वाटो, रोजच्या गर्दीत ती तुम्हाला दमवणार.

पॉवरच्या आकड्यानं फार हुरळून जाऊ नका. साध्या १२५ सीसी गाडीची कमाल पॉवर साधारण साडेसात-आठ हजार आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळते आणि कमाल टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, सहा हजारांच्या आसपास. गर्दीत मात्र इंजिन फिरत असतं तीन-चार हजारांवर. म्हणजे ज्या आकड्याकडे बघून गाडी घेतली, तो आकडा रोजच्या रस्त्यावर तुमच्या वाट्याला येतच नाही. माहितीपत्रकात बघायचंच असेल तर कमाल टॉर्क किती हे बघताना तो किती आरपीएमला मिळतो हेही बघा. दोन गाड्यांचा टॉर्क सारखा असेल तर कमी आरपीएमला देणारी गाडी गर्दीत सहसा शहाण्यासारखी वागते. सहसा म्हणतोय, कारण तीन हजारांवर किती टॉर्क मिळतो हे बहुतेक माहितीपत्रकं सांगत नाहीत. ते चालवूनच कळतं.

क्लच हा विषय तर लोक घेताना काढतच नाहीत. गर्दीत डाव्या हाताची बोटं सतत कामाला लागलेली असतात, आणि सगळ्यात जास्त छळतो तो हाफ क्लच. लिव्हर अर्धी धरून इंच इंच पुढे सरकायचं, त्यात प्लेटा झिजतात आणि मनगटही. शोरूममध्ये सेल्समन फीचर वाचून दाखवत असतो तेव्हा शांतपणे क्लच वीस-पंचवीस वेळा दाबत राहा. वेड्यासारखं दिसतं, दिसू दे. पुढच्या बाहूत ताण जाणवला तर रोज जाणवणार. काही गाड्यांत आता असिस्ट क्लच येतो, तो खरंच हलका असतो. गाडीत कॉल दिसण्यापेक्षा मी त्याला जास्त किंमत देईन.

होंडाची सुपर कब ही छोटी दुचाकी १९५८ साली आली आणि २०१७ पर्यंत तिचे दहा कोटी नग बनले होते. पहिल्या मॉडेलचं इंजिन होतं अवघं ४९ सीसी. गिअर होते, पण क्लचची लिव्हरच नव्हती. चाकं १७ इंची, चेन पूर्ण झाकलेली. हे बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर रोज कामाला जाणारा माणूस होता हे एकेका भागात दिसतं.

त्यातल्या झाकलेल्या चेनबद्दल थोडं बोलू द्या, कारण तिची कुचेष्टाच फार होते. पूर्ण चेनकव्हर असलेली गाडी म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी! उघडी चेन दिसायला देखणी, मान्य. पण पावसात मागच्या चाकानं उडवलेला चिखल आणि बारीक रेती थेट चेनवर बसते, वंगणात मिसळते आणि कानसेसारखी चेनचे रोलर आणि स्प्रॉकेट (दातेरी चाकं) खात राहते. शिवाय काळ्या वंगणाचे शिंतोडे रिमवर, नंबरप्लेटवर, कधी पँटच्या पायालाही. उघडी चेन साधारण पाचशे किलोमीटरला साफ करून वंगण द्यायचं आणि खालच्या बाजूला मधोमध तिचा ढिलेपणा दोन-तीन सेंटीमीटर आहे ना ते बघायचं. हे काम हौसेनं करणारे असतात, त्यांनी खुशाल उघडी चेन घ्यावी. बाकीच्यांनी स्वतःला ओळखून निर्णय घ्यावा.

वजनाचा प्रश्न गाडी चालताना फारसा जाणवत नाही, पार्किंगमध्ये जाणवतो. दोन्ही बाजूंना खेटून गाड्या, पुढचं चाक उतारावर, आणि तुम्हाला सीटवर बसून पायांनी ढकलत मागे यायचंय. इथे ११५ किलो आणि १७० किलो यांतला फरक कळतो. सीटची उंची आकड्यात बघून भागत नाही. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि ७९० मिलिमीटरच्या सीटवरूनही टाचा अधांतरी राहतात. ऑफिसचे बूट घालून बसून बघा. हँडल पूर्ण वळवून गाडी किती जागेत फिरते तेही बघा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. वेग कमी आहे म्हणून धोका कमी, असं नसतं. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे दचकून ब्रेकवर बोटं जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. जोरात थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवायचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. पण चाक लॉक होऊन घसरायच्या भीतीनं कित्येक जण तो वापरतच नाहीत. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवा तो यासाठी. सैल खडीवर थांबायचं अंतर त्यानं उलट वाढूही शकतं, पण ओल्या रस्त्यावर घाबरून पूर्ण ब्रेक दाबला तरी चाक फिरत राहतं आणि हँडल ताब्यात राहतं. बजेट ताणायचंच तर इथे ताणा.

आता ॲव्हरेज. यावर घराघरात भांडणं होतात, म्हणून हिशोबच मांडतो. एक गाडी लिटरला ५० देते, दुसरी ६०. जाऊन-येऊन २४ किलोमीटर धरले तर दोघींतला फरक पडतो दिवसाला ८० मिलिलीटर पेट्रोलचा. पेल्याच्या तळाशी उरेल एवढं. गाडी ३० देत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे रोजचे ८०० मिलिलीटर जातात. पण पन्नासच्या वर गेल्यावर दोन-चार किलोमीटरसाठी न आवडणारी गाडी गळ्यात बांधून घेणं मला पटत नाही.

गर्दीच गर्दी असेल तर विनागिअरची किंवा इलेक्ट्रिक का नको? जरूर घ्या. इलेक्ट्रिक मोटर शून्यापासूनच टॉर्क देते, क्लचची कटकट नाही, माझी दुसऱ्या गिअरची अख्खी परीक्षाच तिथे बाद. गाडी उभी राहते तिथे चार्जिंगची सोय आहे का आणि रस्त्यात खड्डे किती, एवढं बघा. दहा-बारा इंची चाक खड्ड्यात जितकं उतरतं तितकं १७ इंची उतरत नाही.

टेस्ट राइड शोरूमवाले सांगतील त्या मोकळ्या रस्त्यावर आणि भर दुपारी घेऊ नका. तुमच्या ऑफिस सुटायच्या वेळेला मागा, नाही म्हणाले तर पुन्हा मागा. आणि जे माणूस रोज मागे बसणार आहे त्याला सोबत न्या. हल्लीच्या कित्येक गाड्यांची मागची सीट म्हणजे नुसती दाखवायला ठेवलेली टोकदार पट्टी असते. गुडघे वर येतात, धरायला धड काही नसतं आणि ब्रेक लागला की मागचा माणूस सरकून तुमच्या पाठीवर. उतरल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं तर ती गाडी यादीतून काढून टाका, तुम्हाला तिचा रंग कितीही आवडलेला असो.