चार महिने उभी असलेली गाडी दहा मिनिटांत तयार होत नाही

दसरा जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. पावसाळाभर सोप्यात नाहीतर गोठ्याच्या कडेला उभी असलेली मोटरसायकल दहा मिनिटांत तयार होते, असं त्याचं म्हणणं. टाकीतलं पेट्रोल खराब होत नाही. बॅटरी उतरली असेल तर ढकलून सुरू करा, चालता चालता चार्ज होते. जागेवरच दहा मिनिटं रेस द्या. ब्रेक आणि चेन जाम असेल तर डिझेल मारा. गाडी पळालीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं? मेस्त्रीकडे जाऊन पैसे घालवू नका, हे वर आणखी. खंडेनवमीला गाडीला हार घालून दुसऱ्या दिवशी चोर्ला घाटातून गोव्याला निघणारी आमची पोरं हे वाचतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी पेट्रोल. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल धरतं. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय, त्याला जून ते सप्टेंबर हवेत किती ओल असते ते सांगायला नको. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या मोकळ्या पत्र्यावर पाणी धरतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. इंजिनाला पेट्रोल जातं तेही तळातूनच. कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) जुनी गाडी असेल तर त्याच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. खाली वेगळा थर हलताना दिसला, तांबूस कण दिसले किंवा वास वार्निशसारखा आला, तर टाकी रिकामी करून धुवायची. इंजिन गार असताना, अंगणात, चूल-दिव्यापासून लांब. तेच पेट्रोल ओढत किका मारत बसलात तर पेट्रोल सोडणारं बारीक भोक, म्हणजे जेट, तुंबतं, मग गाडी सुरू होते पण मंद चालीवर टिकत नाही, बंद पडते.

बॅटरीचा सल्ला जुन्या किकच्या गाड्यांपुरता थोडाफार खरा होता. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल विजेच्या पंपानं इंजिनात फवारलं जातं. त्या पंपाला आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, वीज लागते. बॅटरी पार मेली असेल तर गल्लीभर ढकलून घाम तेवढा निघेल. मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर ठीक, १२.४ च्या खाली असेल तर काढून हळू चार्ज करा. महिनोन्‌महिने उतरून पडलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, ते गावातल्या दोन फेऱ्यांनी जात नाही.

जागेवर रेस देणं तर करूच नका. आत काय आहे ते बघितल्याशिवाय किल्लीच फिरवू नये. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं भाताचं पिंजर भरलेलं असतं, वायरी कुरतडलेल्या असतात, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचं घर असतं. आणि सोप्यात दार लोटून रेस दिली तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो. त्याला वास नाही, रंग नाही; आत म्हातारी माणसं, लेकरं असतात.

ऑइलचं थोडक्यात: कंपनी किलोमीटर देते तशी मुदतही देते, जे आधी होईल ते. इंजिनावरची ऑइलची काच किंवा डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो ब्रेकवर डिझेल मारा म्हणण्याचा. डिझेल शूमध्ये, पॅडमध्ये मुरतं आणि पकड जाते. अंगणात कळत नाही, उतारावर कळतं. डिस्कवरचा हलका गंज हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक लावला की निघतो. ड्रम जाम असेल तर चाक उतरवून आतली धूळ-गंज साफ करावा लागतो, आणि तेल लागलेले शू बदलावेच लागतात. डिस्कच्या गाडीत ब्रेक ऑइलही ओल धरतं. ओल धरलेलं ऑइल लवकर उकळतं. घाटात सारखा ब्रेक दाबत उतरताना त्यात वाफ झाली की लिव्हर मऊ पडून हँडलला टेकतो. दोन वर्षांत बदललं नसेल तर आता बदला, झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलंय ते बघून. हे काम येत नसेल तर मेस्त्रीचे पैसे द्या.

चेनला डिझेल नको. रॉकेलनं ब्रश मारून पुसा आणि चेन ल्यूब लावा, इंजिन बंद ठेवून, चाक हातानं फिरवत. इंजिनावर चाक फिरवताना बोटं जातात.

टायरचं त्या मेसेजात नावही नाही. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर गार असताना भरा आणि बाजूच्या भेगा बघा. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर नक्षी शाबूत असली तरी चोर्ल्यात नेऊ नका. पहिल्या दिवशी गावातल्या गावात फिरवा, परत आल्यावर गाडीखाली ऑइल-पेट्रोलचा थेंब पडलाय का बघा, आणि विमा, पीयूसी पावसाळ्यात संपलेले नाहीत ना, तेही तेव्हाच तपासा.