रात्री साडेनऊची मालिका

आमच्याकडे रात्री साडेनऊला मालिका लागते. पूर्वी ती टीव्हीवर लागायची. तिच्यात एक सोशिक सून होती, कमरेला किल्ल्या लावून झोपणारी सासू होती आणि दर गुरुवारी कोमात जाणारा एक मुलगा होता. जूनपासून ती बंद झाली आणि तिच्या जागी आली २, ५, १०, १७, प्रश्नचिन्ह. सई आठवीत गेली. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा, त्यात बुद्धिमत्ता चाचणी आणि बुद्धिमत्ता चाचणीत संख्यामालिका. रिमोट कपाटावर गेला. आईने, म्हणजे सईच्या आजीने, मेथी निवडता निवडता एवढंच विचारलं, "हिला तरी शेवट आहे ना?"

शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी अकाऊंट्समध्ये आहे. अकाऊंट्समधल्या माणसाला आकडे कळतात असा लोकांचा समज असतो. आम्हाला आकडे जुळवता येतात, ही वेगळी गोष्ट. बावीस वर्षं मी उभ्या रकान्यांची बेरीज करतोय. रकान्यात सतरानंतर सव्वीस का आला, हे विचारायचे मला पैसे मिळत नाहीत. व्हाउचर आहे ना? मग आला.

पहिले दोन दिवस झकास गेले. फरक काढायचा, ३, ५, ७, पुढे ९, म्हणजे सव्वीस. मी इतका सुटलो होतो की बायकोने दुधाचा हिशेब विचारला तरी आधी फरक काढत होतो. तिसऱ्या दिवशी सईने १, २, ४, ८, १६ समोर ठेवलं. मी चहाचा कपही खाली न ठेवता म्हणालो, "बत्तीस."

"पर्यायात बत्तीस नाहीये, बाबा."

"मग छपाईची चूक. लिहून टाक बत्तीस."

"ओएमआर शीट आहे. लिहून कसं टाकू? गोल रंगवायचा असतो."

मालिकेच्या वर वर्तुळाचं एक चित्र होतं. ते मी जाहिरात समजून सोडून दिलं होतं. प्रश्न असा होता: वर्तुळाच्या कडेवर ठिपके द्या, प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येक ठिपक्याला रेघेने जोडा, आत किती तुकडे पडतात? एका ठिपक्याला एकच तुकडा, दोनांना दोन, तिनांना चार, चारांना आठ, पाचांना सोळा. सहांना किती?

मी डब्याचं झाकण ठेवून वर्तुळ काढलं. कंपासपेटीतला कंपास घेऊन सहा ठिपके अगदी समान अंतरावर मारले, कारण काम करायचं तर नीट करायचं. रेघा मारल्या. प्रत्येक तुकड्यात बारीक अक्षरात नंबर घालत गेलो. तीस भरले. बत्तीस नाहीत, आणि उत्तरसूचीत दिलेले एकतीसही नाहीत. पुन्हा मोजले, तरी तीसच. ताळेबंदात एकाचा फरक आला की मला रात्री झोप येत नाही. इथे एका वर्तुळात दोन फरक होते.

सईने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "तू फारच नीट काढलंयस. तिन्ही मोठ्या रेघा मधोमध एकाच जागी भेटतायत. एक ठिपका जरा सरकव." तिने सरकवला. मधे एक इवलासा त्रिकोण उघडला, नखाएवढा. एकतीस.

बावीस वर्षांच्या नोकरीत नीट काम केल्याबद्दल माझी चूक निघाली ती ही पहिलीच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या आयटीच्या पोराला हा किस्सा सांगितला. सहानुभूती मिळेल ही अपेक्षा. तो म्हणाला, "सर, २, ४, ६ च्या पुढे काय येईल?" मी म्हटलं आठ. तो म्हणाला चौदा. आणि त्याने माझ्या डब्याखालच्या पेपरवर लिहूनच दाखवलं: पदाच्या क्रमांकाची दुप्पट करा आणि तिच्यात मिळवा तीन आकड्यांचा गुणाकार, म्हणजे तोच क्रमांक एकाने कमी, दोनाने कमी आणि तिनाने कमी. पहिल्या तिन्ही पदांना त्या गुणाकारात कुठेतरी शून्य येतं, त्यामुळे तो गप्प बसतो. चौथ्या पदाला ३ गुणिले २ गुणिले १, म्हणजे सहा. आठ अधिक सहा चौदा. "तुम्हाला हवा तो आकडा सांगा सर, बसवून देतो." हे वाक्य आमच्या ऑफिसात मी आजवर फक्त मार्चअखेरीस ऐकलं होतं.

तेव्हापासून माझा धीर खचला तो खचलाच. म्हणजे पुढची संख्या काय हे गणित नाहीच. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होतं, एवढंच ओळखायचंय. त्यासाठी वेळ किती? नव्वद मिनिटांत पंच्याहत्तर प्रश्न, एकाला बहात्तर सेकंद. त्यात आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. हा नियम वाचल्यावर मला परीक्षा घेणाऱ्या परिषदेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. निदान त्यांनी मान्य तरी केलं.

बायकोची पद्धत निराळीच. ती मालिका वाचतच नाही, पर्याय वाचते. "४८, ५०, ५०... नाही, हा ५६ आहे, आणि ९६. चष्मा द्या हो. हां, ४८ आणि ५० एकमेकांच्या शेजारी बसलेत, म्हणजे त्यातला एक खरा आणि दुसरा घाईवाल्यांसाठी. ९६ नुसताच उभा आहे, पंगतीत वाढपी उभा असतो तसा. ५०." आणि ५०च असतं. भाजीवाल्याने सांगितलेल्या भावातला खरा भाव ती अशीच ओळखते.

पुढे मालिकांवरून आम्ही बेरजांवर आलो. मी सईला जर्मन गणिती गाउसच्या लहानपणची गोष्ट सांगायला घेतली: वर्गात गुरुजींनी एक ते शंभरची बेरीज घातली आणि या पोराने क्षणात ५०५० लिहून पाटी टेबलावर टाकली. "पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा, पन्नास जोड्या, प्रत्येकी १०१. माहितीये," सई म्हणाली, "सगळ्या सरांनी सांगितलीये." खरं तर १८५६ साली निघालेल्या गाउसच्या चरित्रात पाटी आहे, गुरुजी आहेत, पण एक ते शंभर नाहीतच, ते पुढे सांगणाऱ्यांनी घातले. व्हाउचर नसलेली नोंद! एवढं एक वाक्य बोलून मी माझी पत राखली.

बायकोचं माहेर चाळीसगावचं. त्यामुळे गाउसचं कौतुक तिच्याच्याने ऐकवेना. "आमच्या भास्कराचार्यांनी ११५० मध्येच लिहून ठेवलंय." चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. तेवढ्या आधारावर ती त्यांना माहेरच्या माणसांत धरते. त्यांच्या लीलावतीत श्रेढीचा, म्हणजे अशा मालिकांचा, अख्खा भाग आहे. पहिल्या दिवशी चार द्रम्म, म्हणजे तेव्हाची नाणी, दान, मग रोज पाच जास्त, पंधरा दिवसांत किती? ५८५. मला आवडला तो बेरजेसाठीचा शब्द: सर्वधन. आमच्या ऑफिसात बेरजेला टोटल म्हणतात, म्हणून आमचे पगार तसे.

त्यातलं राजाचं गणित मात्र पुस्तकात नसून माझ्या गुडघ्यात आहे असं मला वाटतं. राजा शत्रूचे हत्ती पळवायला निघतो. पहिल्या दिवशी दोन योजनं चालतो, रोज ठरावीक वाढ करतो आणि सात दिवसांत ऐंशी योजनं कापतो. रोजची वाढ किती? उत्तर २२ छेद ७. म्हणजे सातव्या दिवशी जवळजवळ एकवीस योजनं! डॉक्टरांनी मला "रोज थोडं थोडं वाढवा" असंच सांगितलं होतं. मी चौथ्या दिवशी रिक्षाने परत आलो.

माहेरचा झेंडा इतका उंच गेल्यावर मलाही गप्प बसवेना. मी डोंबिवलीचा. देवळालीला शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी १, १२१, १२३२१ अशा डौलदार संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं ते आमच्या स्टेशनच्या जुन्या नावावरून. आमच्या स्टेशनवर उभं राहून कुणाला काही सुचतं, यावर बायकोचा विश्वास बसला नाही. मग मी कापरेकरांचीच एक गंमत करून दाखवली. ३७ घ्या, त्याच्यात त्याचेच अंक मिळवा, ३ आणि ७: ४७. मग ५८, ७१, ७९. आता या पाच संख्यांतल्या सगळ्या अंकांची बेरीज? एकेक करत बसू नका. शेवटच्यातून पहिली वजा करा, ४२, त्यात शेवटच्या संख्येचे अंक मिळवा, १६. अठ्ठावन्न. सईने अंकन् अंक मिळवून पाहिलं. अठ्ठावन्न. बायको म्हणाली, "लोकल लेट असणार त्या दिवशी."

मग गेल्या मंगळवारी ती मालिका आली: १, ७, १९, ३७. पुढची संख्या सोपी होती, फरक ६, १२, १८ आणि मग २४, म्हणजे ६१. पण विचारलं होतं पहिल्या दहा पदांचं सर्वधन. मी बाह्या सरसावल्या, कारण हे माझं क्षेत्र. ६१, ९१, १२७, १६९, २१७, २७१. उभी मांडणी केली, हातचे घेतले, खाली दुहेरी रेघ मारली. एक हजार.

मी पेन खाली ठेवलं. हिशेबात टोटल इतकी गोल आली की मला घाम फुटतो. कुणीतरी काहीतरी बसवलेलं असतं. पुन्हा केली, खालून वर. एक हजार.

"थांब," सई म्हणाली. "एकेक टप्प्यावर बघ. १, मग ८, मग २७, मग ६४. घन आहेत. दहाचा घन हजार." पण का, ते तिलाही सांगता येईना. आई मेथी घेऊन इकडे सरकली. "पुन्हा वाच गं ते आकडे. आणि फरक."

"सहा, बारा, अठरा."

"मग ठिपके आहेत की. मधे एक, त्याच्या भोवती सहा, त्याच्या भोवती बारा. एकोणीस म्हणजे पाच ते तीनची रांगोळी. सदतीस म्हणजे सात ते चार."

सईने खणातून रुबिक क्यूब आणला, कोपरा डोळ्यासमोर धरला आणि दिसणारे ठोकळे मोजले. एकोणीस. एकूण सत्तावीस, मागे दडलेले आठ. त्या आठांतले सात सोलले की आत एक. आईने क्यूब हातात घेतला, दिव्याखाली तिरपा धरला, एक डोळा मिटला. "ही बघ, पाच ते तीन. रंग मात्र काय हे भरलेत." मग परत देत म्हणाली, "म्हणजे कांद्याचे पापुद्रे. दहा पापुद्रे मिळून कांदा केवढा, एवढंच विचारलंय ना? मग याला एवढे आकडे कशाला मांडलेस रे?" माझी दुहेरी रेघ वहीत तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर पॅसेजमध्ये आईने पंधरा ते आठ ठिपके घातले होते. मालिकेतलं आठवं पद, १६९. काल मीच मिळवलेलं. मला ८.१४ची लोकल होती, पण पडताळा न घेता मी आजवर कुठलाच आकडा सोडलेला नाही. चपला घालून उभ्या उभ्या मोजले. एकशे अडुसष्ट. उलट बाजूने मोजले. एकशे अडुसष्ट. म्हटलं, "आई, एक कमी आहे."

आईने वर न बघताच सांगितलं, "पाय उचल."