पाच रुपयांचं परमिट

पुण्याचा मित्र आला होता दोन दिवसांसाठी. त्याला राजवाडे संशोधन मंडळ दाखवलं, लळिंगचा किल्ला दाखवला, शेवभाजी खाऊ घातली, मग नाकडोळे पुसून झाल्यावर म्हणतो, "यार, जुन्या पेठेतला एखादा जुना बार दाखव ना, अ‍ॅटमॉस्फिअर असलेला."

आता धुळ्याच्या माणसासाठी बारमध्ये जाणं म्हणजे काय हे पुणेकराला कसं समजावणार! तिकडे लोक बारमध्ये जातात, इकडे आम्ही "जरा मेडिकलवर जाऊन येतो". त्यात आमच्या गावाची आखणी. पेशवाई बुडाली, खान्देश इंग्रजांकडे गेला, मग कॅप्टन ब्रिग्ज आला आणि त्याने धुळ्याची नवी पेठ आखली, पट्टीने रेघ मारावी तशा सरळ गल्ल्या. इतिहासवाले कौतुक करतात. करू देत. वाकड्या गल्लीत माणूस वळणावर गायब तरी होतो, सरळ गल्लीत या टोकाच्या पानवाल्याला त्या टोकाला कोण कोणत्या दारात शिरलं ते दिसतं.

तरी गेलो, भर डिसेंबरात तोंडाला रुमाल बांधून.

पाटीवरची बाकी अक्षरं उडालेली, 'परमिट रूम' एवढंच शिल्लक. आत सागाचे खांब, प्लायवूडच्या केबिनी, प्रत्येकीला मरून पडदा आणि त्या पडद्याच्या काठाला वर्षानुवर्षं बोटं पुसून पुसून आलेली तेलकट चकाकी. अख्ख्या हॉलला मिळून एक लाल झिरोचा बल्ब. मित्र खूश, म्हणे "काय मूड सेट केलाय!" अरे बाबा, मूड कसला, ती सोय आहे. कोणी कोणाला दिसू नये म्हणून मालकाने केलेली समाजसेवा आहे ती. याने फोन काढून फ्लॅश मारला आणि चार केबिनींतून एकदम खोकल्याचे आवाज आले.

वेटर सत्तरीचा, टोपीवाला, कानाने कमी. दाण्यांची बशी ठेवून तो स्वतःच सांगत बसला की 1 एप्रिल 2017 पासून हायवेपासून पाचशे मीटरच्या आतले बार कोर्टाने बंद केले तेव्हा इथे काय गर्दी होती. धुळं म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही हायवेंवर, आणि हायवेवरचे सगळे आत गल्लीत आले. "ते काही महिने लगीनघर व्हतं भाऊ," म्हणाला, आणि डोळे पाणावले त्याचे, खोटं नाही.

इथवर ठीक होतं. मग मित्राने विचारलं परमिट रूम म्हणजे काय, आणि मी शहाण्याने सांगितलं. की 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे, त्यामुळे कागदोपत्री आपल्याकडे प्यायलाही परवाना लागतो, एका दिवसाचा विदेशीला पाच रुपये, देशीला दोन, विचारत कोणी नाही. झालं. त्याला आठवण म्हणून तो कागद पाहिजेच. म्हाताऱ्याने गल्ल्याखालून पॅड काढलं, फुंकर मारली, आणि दोघांसाठी पावत्या फाडायला बसला. बहिऱ्या माणसाच्या आवाजात.

"नाव?"

मी हळूच म्हटलं, पाटील. खान्देशात पाटील म्हणजे नाव नाही सांगितल्यासारखंच, मला वाटलं सुटलो.

"कोनता पाटील? गाव? बापनं नाव?"

कानाशी जाऊन सांगितलं. ते त्याने लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, गल्लीनंबरासकट.

दोन सेकंद शांतता, आणि शेजारच्या प्लायवूडपलीकडून आवाज, "आबाना आंडोर का रे तू?"

आंडोर म्हणजे मुलगा. आता हो म्हणावं की नाही! म्हटलं हो. मग पुढची पंधरा मिनिटं त्या प्लायवूडशी मी अत्यंत अदबीने बोललो. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, झालं. ताईचं सासर कोणतं, शिंदखेडा. कापसाला काय भाव मिळाला. मी ग्लास खाली ठेवून, मांडी सोडून, सरळ बसून उत्तरं देत होतो, माणूस वडीलधारा वाटत होता ना. तुम्ही कोण हे विचारायची सोय नव्हती, आणि त्यानेही ते सांगितलं नाही, हुशार होता.

खरा ताप पुढे. बिल दिलं तरी निघता येईना, कारण आधी पडदा सारेल तो दिसणार. मी थांबलो त्याच्यासाठी, तो थांबला माझ्यासाठी. दोन मसाला पापड जास्तीचे गेले. मित्र म्हणे चल ना, मी म्हटलं बस गुपचूप. पलीकडेही कोणीतरी दाणे एकेक करून खात होतं, कुटुक, कुटुक. शेवटी म्हाताऱ्यालाच कळलं. काही न बोलता तो बोर्डाकडे गेला आणि मेन स्विच पाडला. काळोखात चारी पडद्यांच्या कड्या एकदम वाजल्या, चपला शोधायची झटापट झाली, कोणाचं तरी पोट माझ्या कोपराला लागलं, "सरक ना भो" म्हणत जो तो पांगला.

सकाळी सात वाजता दुधाला गेलो. डेअरीवाल्याने पिशवी देताना विचारलं, "पुण्याना पाव्हना ग्यात का?" पाहुण्यांचं मी कोणाला बोललोच नव्हतो. त्याच्याकडे बघून घेतलं, आवाज जुळवून बघितला, नाही जुळला. पुढे इस्त्रीवाल्यानेही तेच विचारलं. मग कोपऱ्यावरच्या रिटायर गुरुजींनी. घरी आलो तर दारात गॅस सिलेंडरवाला उभा, म्हणाला, "पाव्हना ग्यात का?"