जुनी साइट बंद करा, पण पत्ता पुसू नका

मुक्त स्रोत प्रकल्प चालवणाऱ्यांत एक सल्ला सध्या बराच फिरतोय: 'जुनी वेबसाइट सरळ उडवा, सगळे दुवे नव्या मुख्यपानाकडे वळवा. रिअ‍ॅक्ट या वेबपानं बांधायच्या लायब्ररीनेही तेच केलं. जुनी पानं राहिली की नवशिके गोंधळतात, आणि कुणाला लागलंच तर कोडचा इतिहास जपणारं गिट आणि जुन्या वेबपानांच्या प्रती ठेवणारं वेबॅक मशीन आहेच.' यातलं नवशिक्यांचं तेवढं खरं आहे.

आधी रिअ‍ॅक्ट. १६ मार्च २०२३ला रिअ‍ॅक्ट डॉट डेव्ह अधिकृतपणे सुरू झालं, तेव्हा रिअ‍ॅक्टजेएस डॉट ऑर्गवरची माहिती पुसली गेली नाही. ती 'लेगसी' नावाच्या उपडोमेनवर हलवली आणि जुने दुवे आपोआप तिकडे जातील अशी सोय केली. दाखला दिलाय, पण तो उलट बाजूचा निघाला.

आता 'मुख्यपानाकडे वळवा'. दुवे फक्त लेखांत आणि बुकमार्कमध्ये असतात असा यामागे समज दिसतो. रिअ‍ॅक्टची प्रॉडक्शन आवृत्ती, म्हणजे लोकांसाठी प्रत्यक्ष चालणारी, आकार वाचवायला एररचा मजकूर गाळते. हाती उरतो एक क्रमांक आणि एक पत्ता. १३० क्रमांक आला, तर 'एरर डीकोडर'च्या पानावर जाऊन अर्थ बघायचा. वर्षानुवर्षं तो पत्ता रिअ‍ॅक्टजेएस डॉट ऑर्गचाच होता आणि असंख्य चालू साइट्सच्या कोडमध्ये तो तसाच बसलाय. त्या साइट्स पुन्हा बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून नव्याने तयार करायला, कोण जाणार? रात्री दीडला प्रॉडक्शन पडलेलं असताना तो दुवा उघडणाऱ्याला मुख्यपानावरचं स्वागत काय कामाचं! शिवाय अशी घाऊक वळवणूक गूगल बरेचदा 'सॉफ्ट ४०४' धरतं, म्हणजे पान नसल्यातच जमा.

गिटमध्ये मजकूर राहतो, साइट नाही. रिअ‍ॅक्टची जुनी साइट गॅट्सबीवर, नवी नेक्स्ट जेएसवर; साइट तयार करायची ही दोन वेगळी साधनं. एक परिच्छेद वाचायला जुना नोड (ही साधनं चालवणारा प्रोग्राम) बसवून बिल्ड करत कोणी बसत नाही. आणि वेबॅक मशीन? ऑक्टोबर २०२४मध्ये हल्ला झाल्यावर ते काही दिवस बंदच होतं.

राहिला गोंधळ. तो खराच होता. हुक्स, म्हणजे कंपोनंट (पानाचे घटक) क्लासशिवाय लिहायची सोय, २०१९मध्ये १६.८ आवृत्तीत आले, तरी जुन्या साइटचे मूळ धडे क्लास कंपोनंटच शिकवत राहिले. पण दुकान हललं की आपण जुन्या दारावर पाटी लावतो, दार विटांनी बुजवत नाही. पायथन भाषेच्या २ आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२०ला संपला, २.७ची पानं अजून जागेवर आहेत, वर 'ही जुनी आवृत्ती आहे' अशी सूचना आणि नव्या आवृत्तीचा दुवा.

पाटी पुरत नाही अशीही पानं असतात: सुरक्षेबाबत आज धोक्याचा ठरेल असा सल्ला देणारी. ती खुशाल काढा. मात्र तिथे ४१० ('पान कायमचं काढलंय' सांगणारा सर्व्हरचा कोड) द्या आणि सल्ला का मागे घेतला ते दोन ओळींत लिहा.