गाडी चेपली? बरं झालं चेपली!

आज सकाळी ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला उभे होतो आणि मागून टेम्पो येऊन धडकला. आम्ही दोघं ठीक आहोत, फोन करू नका प्लीज. मागच्या सीटवर बाबा होते, निघताना पट्टा लावण्यावरून दहा मिनिटं कुरकुर करून शेवटी लावलेला. डिकी पार आत गेलीये.

पण डोकं फिरलं ते नंतर. गर्दीतले एक काका बंपरवर टिचकी मारून म्हणतात, "पत्र्याचे डबे हो हे, अँबॅसेडर असती तर टेम्पोच फुटला असता!" आणि सगळे माना डोलावतायत!

अहो काका, गाडी नाही चेपली तर चेपणार कोण, आतला माणूस!

नौपाड्याच्या चाळीत बाबांनी हे मला कॅरमवर दाखवलं होतं. सोंगटीवर सोंगटी सरळ आदळली की पहिली जवळपास जागेवर थांबते आणि दुसरी तेवढ्याच वेगाने सुटते, टक्! मग बाबांनी आईच्या परातीतली चिमूटभर कणीक दुसरीला चिकटवली (आईने बोर्डासकट दोघांना गॅलरीत काढलं). आता दोघी चिकटून निम्म्या वेगाने रांगत निघाल्या. बाबा म्हणाले, संवेग (म्हणजे वजन गुणिले वेग) तेवढाच आहे, वजन दुप्पट वेग निम्मा, पण गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे असलेली ऊर्जा, निम्मीच उरली, बाकीची गेली कुठे? कणीक चेपण्यात!

आमची डिकी म्हणजे ती कणीक. टेम्पोचा थोडा संवेग आमच्याकडे आला म्हणून तर ब्रेकवर पाय असूनही गाडी हातभर पुढे गेली, पण ऊर्जा बरीचशी पत्रा वाकण्यात, त्या धाडकन आवाजात जिरली, आणि चेपायला जितका जास्त वेळ लागतो तितका धक्का सौम्य होतो. गाडी अशी मुद्दाम चेपावी म्हणून बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरने डोकं लावलं, १९५९ ला मर्सिडीजने तशी गाडी बाजारात आणलीसुद्धा, आणि आपण अजून टिचक्या मारतोय. वर घोडबंदरला रस्ता मोकळा दिसला की ३० चे ६० करायचे, म्हणजे जिरवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट!

हो, बंपरचं बिल बघून चक्कर येते, मान्य.

टेम्पोवाला पोरगा थरथर कापत होता, त्याच्यावर ओरडायचंच राहिलं, पाणी दिलं. तेवढ्यात बाबा हळूहळू उतरले, चष्मा पुसला, आत गेलेल्या डिकीवर बोट दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगली मळलीये."